पितृपंधरवड्यातली गाडी

शोरूमच्या काचेच्या दारापाशी सर चपला काढायचे. आत आरशासारखी फरशी, गार हवा, टाय लावलेली मुलं, आणि त्यांच्यामधून पांढऱ्या पायजमा-सदऱ्यातले सत्तरीचे सर अनवाणी चालत जायचे. चपला राहू द्या आजोबा, असं दारावरचा माणूस दर वेळी सांगायचा. फरशी गार आहे, पायाला बरं वाटतं, असं सरही दर वेळी सांगायचे. टायवाल्या मुलांना वाटायचं, खेड्यातलं म्हातारं कुणाबरोबर तरी आलंय, त्याला पाणी द्या आणि कोपऱ्यात बसवा. सर पाणी प्यायचे, थोडा वेळ बसायचेही. मग उठून एखाद्या गाडीचं दार उघडायचे, दारामागच्या खांबाला चिकटवलेली बारीक पट्टी चष्मा कपाळावर ढकलून वाचायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "लेकरा, ही गाडी मार्चात बनली. आता सप्टेंबर हाय. मधले सहा महिने ही कुठं उभी होती?"

तिथून पुढे त्यांना कुणी आजोबा म्हणत नसे.

ते खरोखरचेच सर होते. मुरूमला आमच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली. मी त्यांचा विद्यार्थी, पुढे त्याच शाळेत मराठीचा शिक्षक झालो. त्यांच्याकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती. चालवताही येत नव्हती. बायको लवकर गेली, एकुलती मुलगी लग्न होऊन बिदरला. घरी एक सायकल होती आणि निरनिराळ्या गाड्यांबरोबर मिळणारी माहितीपुस्तकं होती. लोक ती पुस्तकं गाडीच्या खणात टाकतात आणि विसरतात. सर ती मागून आणायचे आणि आपण कादंबरी वाचतो तशी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे. मुरूमपासून उमरग्यापर्यंत कुणी नवी गाडी घ्यायला निघालं की आधी सरांच्या दाराशी यायचं.

माघ महिन्यात सर गेले. झोपेतच गेले. त्यांच्याबद्दल चार ओळी मी कधीतरी लिहिणारच होतो, पण ह्या अशा लिहाव्या लागतील असं वाटलं नव्हतं. गेली चार वर्षं गावात सरांचं नाव एका गोष्टीमुळे खराब झालं होतं. ती गोष्ट खोटी होती, आणि ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

शोरूमला जाताना सर खांद्याच्या पिशवीत दोन वस्तू न्यायचे. एक दाढीचा आरसा, गाडीच्या पोटाखाली धरून बघायला. दुसरा शाळेच्या प्रयोगशाळेतला नालाच्या आकाराचा चुंबक. निवृत्त होताना तो त्यांनी रीतसर पैसे भरून शाळेकडून विकत घेतला होता. रंगावर ओरखडा येऊ नये म्हणून तो रुमालात गुंडाळून ते गाडीच्या अंगावरून फिरवायचे, डॉक्टर छाती तपासतो तसा. पत्रा असेल तिथे चुंबक ओढला जायचा. पोचा बुजवायला आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारला असेल तिथे तो सुटायचा. मग सर मागे वळून फक्त एवढंच म्हणायचे, "इथं काहीतरी झालंय."

लोकांना ते म्हणायचे, बैल घेताना तुम्ही दात बघता, खुरं बघता, चालवून बघता, दुसऱ्या दिवशी परत जाऊन बघता. आणि दहा जोड्यांची किंमत देऊन गाडी घेताना पेढा खाता आणि फोटो काढता. नव्या वस्तूची भीड वाटते माणसाला. हात लावायला भितो. शोरूमवाल्याला तेवढंच पाहिजे असतं.

पण विकणाऱ्या मुलांवर त्यांचा राग नसायचा. एकदा उमरग्याचे एक शेतकरी अशा मुलावर चिडून खुर्ची सरकवून उठले, तेव्हा सरांनी त्यांना हाताला धरून बसवलं. "त्याच्यावर कशाला तापता. गाडी त्यानं बनवली न्हाय, त्यानं फक्त पाठ केलीय." परत येताना सर त्या मुलांना गुण द्यायचे. एकाला पंचेचाळीस, एकाला काठावर पास. एका मुलाने, ह्या रंगात ही शेवटचीच गाडी राहिलीय, आज नाही घेतली तर गेली, असं सांगितलं. त्याला सर म्हणाले, "मग जाऊ द्या. शेवटचं वांगंबी म्या घेत न्हाय." तो मुलगा इतका हसला की त्यानेच मागच्या आवारात नेऊन त्याच रंगाच्या आणखी पाच गाड्या दाखवल्या. त्याला सरांनी पैकीच्या पैकी दिले.

कुणाकडून ते काही घ्यायचे नाहीत. फक्त एसटीचं भाडं, तेही जाऊन-येऊन दोन्हीकडचं. कारण नव्या गाडीतून ते कधीच परत आले नाहीत. पहिली फेरी घरच्या माणसांची, असं म्हणून ते स्टँडकडे चालू लागायचे. नवी गाडी हार घालून गावात शिरायची आणि सर तासाभराने बसमधून उतरायचे.

मुहूर्ताचं त्यांच्या डोक्यात बसलं ते एका दसऱ्यापासून. बाजारपेठेतल्या कापड दुकानदाराची गाडी आणायला ते गेले होते. शोरूममध्ये एका ओळीत दहा-बारा गाड्या, सगळ्यांवर लाल सॅटीनचं कापड, एकच सनई, एकच भटजी, आणि पुठ्ठ्याची एक भली मोठी किल्ली ह्या कुटुंबाकडून त्या कुटुंबाकडे फिरत होती. सरांनी कापडाचं टोक उचललं, आत वाकून काटा बघितला, आणि दुकानदाराला बाजूला घेऊन सांगितलं की तुमची ही नवी गाडी दोनशे किलोमीटर पळून आलेली आहे. लोकांना चक्कर मारायला दिलेली गाडी होती ती. दुकानदाराचा चेहरा पडला. त्याने घड्याळात बघितलं. मुहूर्ताला वीस मिनिटं राहिली होती. बायको ताट घेऊन उभी, सासुरवाडीची माणसं उभी. तो म्हणाला, "सर, आता राहू द्या. येळ टळंल."

त्याने ती गाडी घेतली. सर स्टँडकडे चालू लागले. पण त्यानंतर ते कुणाबरोबरही पाडव्याला, दसऱ्याला, अक्षय्य तृतीयेला गेले नाहीत. गाडी बघायची तर पितृपंधरवड्यात, असा त्यांनी नियमच केला. त्या पंधरा दिवसांत आपल्याकडे कुणी चमचासुद्धा विकत घेत नाही. शोरूम ओस पडलेली असते, मुलं माश्या मारत असतात, आवारातली हवी ती गाडी हवा तितका वेळ बघू देतात. लोक आधी कानांवर हात ठेवायचे. मग त्यांनी मधली वाट काढली. पंधरवड्यात सरांना नेऊन गाडी निवडायची, तिचा नंबर लिहून घ्यायचा, आणि घरी मात्र दसऱ्याला आणायची. पितर खूश, सर खूश.

आम्हाला ती मधली वाट परवडण्यासारखी नव्हती.

माझ्या वडिलांना, अण्णांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागायचं. सोमवारी आणि गुरुवारी, सोलापूरला. सकाळी भाड्याची जीप सांगायची, ती कधी यायची, कधी दुसरं भाडं मिळालं म्हणून यायची नाही. मग एसटी. येताना अण्णांना बसवत नसे. नळदुर्गच्या पुढे ते खिडकीला डोकं टेकून डोळे मिटायचे ते घर येईपर्यंत. शेवटी मी गाडी घ्यायचं ठरवलं, आणि ठरवलं तेव्हा भाद्रपद होता. दसऱ्यापर्यंत थांबायचं म्हणजे अजून कितीतरी फेऱ्या.

सर म्हणाले, आत्ताच घ्या, आत्ताच घरी आणा. आईने तोंडाला पदर लावला. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, ते तर भांडायलाच आले. आमच्या घराण्यात असलं कधी झालं नाही, पंधरवड्यात दाराला नवी वस्तू आणायची म्हणजे काय. अण्णा खाटेवर पडून ऐकत होते. ते म्हणाले, "पितर कशाला रागावत्याल? त्यांच्याच लेकराला दवाखान्यात न्यायचंय की." तात्या उठले. पण जाताना उंबऱ्यापाशी थांबून ते सरांकडे बोट करून म्हणाले की, मास्तर, ही जबाबदारी तुमची.

"बरं," सर म्हणाले.

शोरूम लातूरला होती. मी आणि सर एसटीने गेलो. पैसे भरून झाले होते, गाडी तयार आहे असा निरोपही आला होता. पण नोंदणीच्या आधी गाडी बघायचीच, ह्यावर सर अडून बसले होते. पांढरी गाडी होती. उन्हात अशी चमकत होती की मला ती त्याच क्षणी आमची वाटली. माझं मनातल्या मनात अण्णांना मागच्या सीटवर बसवूनही झालं. सरांनी रुमाल काढला. बोनेट, पुढची दारं, छप्पर. सगळीकडे चुंबक ओढला जात होता. मागच्या डाव्या दाराशी आले आणि त्यांचा हात घसरून खाली आला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा घसरला.

"इथं काहीतरी झालंय," ते म्हणाले.

विकणारा मुलगा म्हणाला, तसं काही नसतं सर, कंपनीतून असंच येतं. सरांनी उजव्या दाराला चुंबक लावून दाखवला. तिथे तो चिकटला. मुलाचे कान लाल झाले. मग मॅनेजर आले. त्यांनी आधी हसून घेतलं, मग जरा आवाज चढवला, आणि शेवटी सांगितलं की ट्रकवरून उतरवताना दार थोडं दाबलं गेलं होतं, पण काम एक नंबर झालंय, तुम्ही सांगितलं नसतं तर ह्यांना जन्मात कळलं नसतं.

दाराचं मला फार वाटलं नाही. पण कळलं नसतं हे त्या माणसाने आमच्या तोंडावर, कामाची तारीफ केल्यासारखं सांगितलं. मला काय बोलावं सुचेना. मला असल्या वेळी कधीच सुचत नाही.

सर शांतपणे म्हणाले, "त्याला कळलं नसतं, हे खरं. म्हणून तर तुमी सांगायला पायजे होतं."

दुसरी गाडी मिळाली. आवारात दुपारभर उन्हात फिरून सरांनी ती निवडली, तिचा नंबर वहीत लिहिला, आणि चार दिवसांनी तोच नंबर पडताळून मगच माझ्या हाती किल्ली येऊ दिली. मॅनेजरांनी मात्र मला एका बाजूला घेतलं. झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटून की आम्ही कुठे बोलू नये म्हणून, कोण जाणे, पण ते म्हणाले की सीट कव्हर, पायाखालचे मॅट आणि गाणी लावायचं यंत्र आमच्याकडून भेट. फक्त येत्या सोमवारी सकाळी गाडी आणा, दिवसभर लागेल. पुढे दसऱ्याची गर्दी, मग आम्हाला जमणार नाही.

येत्या सोमवारी. मी हो म्हणालो.

गुरुवारी अण्णा नव्या गाडीतून सोलापूरला गेले आणि येताना नळदुर्गला त्यांनी डोळे मिटले नाहीत. किल्ल्याकडे बघत मला म्हणाले की, पोरा, ह्या वाटंला एवढी झाडं हाईत हे आज बघितलं. त्या एका फेरीसाठी मी सरांचा जन्मभर ऋणी राहायला हवं होतं.

शुक्रवारी मी दवाखान्यात फोन केला. सोमवारची पाळी मंगळवारी होईल का विचारलं. मशीन बुधवारीच मोकळं होतं. तिथला माणूस म्हणाला, बघा, पाणी कमी द्या, फळं देऊ नका, शक्यतो चुकवू नका. शक्यतो, हा शब्द मी माझ्या सोयीने ऐकला.

रविवारी मी सरांना, उद्या लातूरला चला म्हणायला गेलो. ते ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली.

"सोमवार अण्णांचा न्हाय का?"

बुधवारी ठेवलंय, मी सांगितलं. दवाखान्याला विचारलंय.

"उद्याच अण्णांसाठी जीप सांग. कव्हरं तू एकटा जाऊन आण."

आता दाराशी गाडी असताना अण्णांना पुन्हा त्या जीपमध्ये कशाला घालायचं, असं काहीतरी मी बोललो. सर एक शेंग सोलत म्हणाले की फुकट वस्तू आणायलाबी दिवस लागतो, अन् दिवस फुकट नसतो. ते माझ्याबरोबर आले नाहीत. मी पुस्तकात डोकं घालून जगणारा माणूस, मला वस्तूंचा मोह नाही असं मी सगळ्यांना सांगायचो. त्या सोमवारी मी लातूरच्या शोरूममध्ये सोफ्यावर बसून सकाळपासून सायंकाळपर्यंत सीट कव्हरचा रंग निवडत होतो. तपकिरी निवडला.

बुधवारी सकाळी नळदुर्गच्या अलीकडे मागून आईचा आवाज आला, गाडी थांबव. ती ओरडली नाही. मी गाडी कडेला घेतली. अण्णांचं डोकं तिच्या खांद्यावर होतं आणि तिने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. गाडीत नव्या रेक्झिनचा वास भरला होता. पंधरवडा संपायला दोन दिवस होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, अशा पेशंटचं अंतर वाढलं की होतं असं. ते मी एकट्यानेच ऐकलं. आई बाहेर बाकड्यावर होती.

गावाला दुसरंच कारण आधीच सापडलं होतं. पंधरवड्यात गाडी आणली, पंधरवड्यातच माणूस गेला. राख सावडून आलो त्या दिवशी ओट्यावर भाऊबंद बसले होते, पाव्हणे सुतकाचा कडू घास घेऊन आले होते. सर आले. चपला काढून टोकाला बसले. तात्या त्यांच्याकडे बघत राहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मास्तर, तुमच्या विज्ञानानं आमचा माणूस खाल्ला."

मी डोकं भादरून भिंतीला टेकून बसलो होतो, सरांपासून चार हातांवर. सरांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, विचारल्यासारखंही नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येत असतं आणि तो हात वर करत नाही, तेव्हा ते ज्या नजरेने बघायचे, तसं. एक वाक्य पुरेसं होतं. सोमवारची पाळी मी चुकवली, कव्हरांसाठी. मी जमिनीकडे बघितलं.

"व्हय," सर म्हणाले. "पंधरवड्यात घ्या असं म्याच सांगितलं."

आणि उठून चपला घालून गेले. त्यांना सगळं ठाऊक होतं. रविवारी तर आमचं बोलणं झालं होतं. एवढ्या माणसांत माझं नाव घ्यायला त्यांना एक क्षणही लागला नसता. त्यांनी ते घेतलं नाही, ह्याचा जो धक्का मला बसला तो अण्णांच्या जाण्याच्या धक्क्यात मिसळून गेला, आणि कितीतरी दिवस मला दोन्ही वेगळे करता आले नाहीत.

त्यानंतर सरांच्या दाराशी कुणी आलं नाही. आधी पंधरवड्यात येईनासे झाले, मग एरवीही. शुभ कामाला ह्या माणसाला नेऊ नये असं ठरून गेलं. कुणी जाहीर केलं नाही, ते नुसतं ठरलं. पुढच्या वर्षी मी सर्व्हिसिंगला लातूरला गेलो, तर तोच लाल कानांचा मुलगा भेटला. चुंबकवाले सर आता येत नाहीत का, असं त्याने विचारलं. म्हणाला, "ते येणार म्हटलं की आदल्या दिवशी आम्हीच गाडी तपासून ठेवायचो. आता तेवढं कुणी करत नाही." पुढे दोन महिन्यांत आमच्याच गल्लीतल्या एका तलाठ्याला रंग मारलेली गाडी मिळाली. पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या दाराला फोड आले. ती मात्र ऐन मुहूर्तावर घरी आली होती.

सर रोज दुपारी शाळेच्या ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला यायचे. ग्रंथालय माझ्याकडे होतं. चार वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. जाताना एवढंच विचारायचे, "गाडी कशी पळती?" मी चांगली म्हणायचो. "हवा बघत जा चाकातली," म्हणायचे आणि सायकल काढायचे. रोज मी ठरवायचो की आज बोलायचं. कितीतरी वेळा वाक्य जुळवून ठेवलं होतं. मराठीचा शिक्षक असून मला ते एक वाक्य चार वर्षांत म्हणता आलं नाही.

ते गेल्यावर शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर हात जोडलेली चित्रं येऊ लागली. ज्यांनी त्यांना टाळलं त्यांनीच लिहिलं होतं की असा पारखी पुन्हा होणे नाही. शाळेच्या सभागृहात शोकसभा ठेवली. बरेच लोक आले. तात्याही आले होते, तिसऱ्या रांगेत काठी गुडघ्यांत धरून बसले होते. मुख्याध्यापक बोलले, कापड दुकानदार बोलला, आणि मग माझं नाव पुकारलं. मी कागद आणला होता. त्यावर त्यांच्या शिकवण्याबद्दल चांगलं लिहिलं होतं. मी तो उघडला आणि वाचता येईना.

मी सांगितलं की माझे वडील पंधरवड्यामुळे गेले नाहीत. त्यांची सोमवारची पाळी मी बुधवारवर ढकलली, गाडीला फुकटची सीट कव्हरं बसवायला. सरांनी मला आदल्या दिवशी अडवलं होतं, मी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी ओट्यावर त्यांना बोल लावला गेला तेव्हा हे सगळं माहीत असून मी गप्प बसलो, आणि तेही गप्प बसले. एवढंच बोललो आणि खाली आलो. नंतर कोण बोललं मला आठवत नाही.

बाहेर कडुनिंबाखाली तात्या माझी वाट बघत होते. मला वाटलं, मारतील.

"हे तवाच बोलायचं व्हतंस," ते म्हणाले.

व्हय, मी म्हणालो.

"म्या त्या माणसाला काय बोललो रं. चार माणसांत बोललो." त्यांची काठी मातीत रुतत होती. "आन् त्यो खाली मान घालून गेला."

मी त्यांना गाडीतून घरी सोडतो म्हणालो. ते नको म्हणाले आणि चालत गेले.

घरी पोचलो तर बातमी माझ्याआधी पोचली होती. आई चुलीपाशी नव्हती, देवापाशी नव्हती, पुढच्या खोलीत पाय पसरून बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो. आईला कसं सांगायचं ह्याची भीती मला चार वर्षं इतर कशाहूनही जास्त होती. मी सुरुवात केली. तिने हात वर करून थांबवलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तवापासून ठावं हाय. गुरुवारपासनं बुधवारपतुर दिस मोजायला मला का येत न्हाय? त्यांच्या तोंडाला सूज दिसत व्हती मंगळवारीच. म्याबी म्हणलं न्हाय की आत्ताच्या आत्ता चल. नव्या गाडीतनं जायचं मलाबी गोड वाटत व्हतं."

मग तात्या बोलले त्या दिवशी तू का गप्प राहिलीस, असं मी कसंबसं विचारलं.

"तू माझा लेक हाईस. त्ये परके."

तिने पदराचा काठ चुरगळला. मग म्हणाली की चौदावा झाल्यावर, तू शाळेत गेला होतास तेव्हा मी मास्तरांच्या घरी गेले होते. त्यांच्या पायावर डोकं ठेवायला गेले होते. त्यांनी ठेवू दिलं नाही. मी म्हणाले, पोराची चूक तुमच्या माथी आली, मी जाऊन सगळ्यांना सांगते. त्यांनी मला बसवलं आणि चहा स्वतः केला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कुणाला सांगू नका. त्याला तर मुळीच कळू देऊ नका की तुमाला ठावं हाय." आईने डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "म्हणाले, त्याला आजून लई वर्सं ती गाडी चालवायचीय. तुमाला मागं बसवून."